पिवळी-काळी पट्टी

जयमालाबाईंच्या घरात त्या सोमवारी एकूण तेवीस पट्ट्या होत्या. पलंगापासून मधल्या दारापर्यंत आठ, ऐन मधल्या दारात एक, स्वयंपाकघरात पाच, बाथरूमच्या वाटेवर चार आणि बाहेरच्या दाराकडे जाताना पाच. दोन पट्ट्यांमधलं अंतर पन्नास सेंटिमीटर, कुठंही कमी-जास्त नाही. त्यांच्या लेकानं, कुलदीपनं, रविवारचा अख्खा दिवस फरशीवर गुडघे टेकून, मोजून मोजून त्या चिकटवल्या होत्या. सगळ्या पिवळ्या-काळ्या, तिरक्या रेघांच्या, ओल्या फडक्यानं घासल्या तरी न निघणाऱ्या. आणि त्यांतली एकही जयमालाबाईंना धड ओलांडता येत नव्हती.

पार्किन्सनचं हे चौथं वर्ष. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग अक्षर मुंगीएवढं झालं, मग चाल गेली. पाय दुखत नव्हते, त्यांतलं बळही शाबूत होतं. पण चालता चालता, बहुतेक वेळा दारात नाहीतर वळताना, ते फरशीला खिळ्यानं ठोकल्यासारखे व्हायचे. वरचं अंग पुढं निघालेलं आणि पाय मागंच. दिवाळीच्या तोंडावर असंच बाथरूमच्या दारात झालं, बाई तोंडावर आपटल्या आणि भुवईवर टाके पडले. तेव्हापासून कुलदीपची झोप उडाली. तो तळेगाव दाभाड्याला एका कंपनीत मेंटेनन्सला होता, घरही तिकडंच, शिफ्ट फिरती. आई इकडं काळेवाडीत दुसऱ्या मजल्यावर एकटी. तिनं आपल्याकडं राहायला यावं, एवढं एकच त्याचं म्हणणं होतं.

बाईंचंही एकच होतं, येणार नाही. नवरा गेला तेव्हा कुलदीप सहावीत होता. त्याला घेऊन त्या उदगीरहून इकडं आल्या, चाकणच्या कंपनीत सत्तावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बांधल्या आणि त्या पगारातून हे दोन खोल्यांचं घर घेतलं. दारावरच्या पाटीवर त्यांचंच नाव होतं. लेकाचं घर वाईट नव्हतं, सून वर्षाली मायेची होती. पण तिथं त्यांना कुणी पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नसे. तिथं आपण पाहुणे असतो, आणि पाहुण्यानं दोन रात्रींच्या वर राहू नये, असं त्यांचं मत होतं.

पट्ट्यांची गोष्ट सुरू झाली चिंचवडच्या एका संशोधन केंद्रात. पार्किन्सनची माणसं चालताना लक्ष कुठं ठेवतात आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूत काय चालतं, याचा अभ्यास तिथं चालू होता. नुकतीच शिकून बाहेर पडलेली उत्कर्षा नावाची मुलगी मोजणीचं काम बघायची. तिनं बाईंच्या पायांना घड्याळाएवढी यंत्रं बांधली आणि डोक्यावर एक काळी टोपी चढवली. टोपीच्या पुढच्या कडेला बारीक बारीक दिवे होते. त्यांचा प्रकाश कपाळातून आत जातो, थोडा परत येतो, आणि परत आलेल्या प्रकाशावरून तिथल्या रक्तात प्राणवायू किती आहे ते कळतं, असं तिनं सांगितलं. जिथं काम जास्त, तिथं प्राणवायूची आवक जास्त.

बाईंनी विचारलं, चालायचं काम पायांचं, मग मोजणी कपाळाची का? उत्कर्षा हातातलं सोडून समोर बसली. एकदा शिकलेली चाल मेंदूच्या खोल भागात आपली आपण चालते, ती म्हणाली, तिच्याकडं बघावंही लागत नाही. पार्किन्सनमध्ये तोच भाग हळूहळू बंद पडतो. मग कपाळामागचा भाग, जो खरं तर विचार करायला आणि लक्ष द्यायला असतो, तो धावत येतो आणि एकेक पाऊल स्वतः टाकून घेतो.

"म्हणजे लाइन बंद पडली की साहेबच येऊन स्क्रू पिळतो," बाई म्हणाल्या.

"अगदी तसंच, काकू. आणि साहेबाला दुसरीही कामं असतात."

केंद्रात त्यांना तीन तऱ्हांनी चालायला लावलं. आधी जसं जमेल तसं. मग आपल्याच पावलांकडं लक्ष देऊन, टाच आधी, चवडा मग. शेवटी जमिनीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांकडं बघत, एकेक पट्टी ओलांडत. पहिल्या तऱ्हेत दोनदा पाय अडले. दुसरीत तर स्वतःच्या टाचेचा विचार करता करता बाई उभ्याच राहिल्या. तिसरीत मात्र त्या अशा चालल्या की बाकावर बसलेला कुलदीप उठून उभा राहिला. लक्ष पायावरून काढून बाहेर ठेवलं की कुणाकुणाला सोपं जातं, उत्कर्षा म्हणाली. घरीही अशा पट्ट्या लावून बघा.

कुलदीपनं ते मनावर घेतलं. पांढरी टेप आठ दिवसांत मळेल, निघेल, म्हणून त्यानं कंपन्यांना माल देणाऱ्या दुकानातून सगळ्यांत चिवट टेप आणली. आणि सोमवारी उत्कर्षा टोपी आणि यंत्रं घेऊन घरची मोजणी करायला आली, तेव्हा बाई पहिल्याच पट्टीसमोर थांबल्या. दुसरीसमोर थांबल्या. मधल्या दारात तर पाय गुडघ्यापासून लटलट कापायला लागले आणि पाऊल काही उचलेना. उत्कर्षानं ती वेळ मोजली, एक्केचाळीस सेकंद. कुलदीप बगलेत हात घालायला पुढं झाला तेव्हा कुठं बाई दार पार करू शकल्या.

उत्कर्षानं तिथूनच आपल्या सरांना फोन लावला. काही जणांना केंद्रात पट्ट्यांचा उपयोग होतो पण घरी होत नाही, असं सर म्हणाले. एवढंच म्हणाले. पण कुलदीपला तेवढं पुरलं. मंगळवारी त्यानं चाकाची खुर्ची सांगून टाकली आणि बुधवारी भाडेकरू बघितला. एक तारखेला आईचं सामान तळेगावला न्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्यानं ठरवलं.

बुधवारी दुपारी शालनबाई आल्या. त्या बाईंच्या कंपनीतल्या, एकाच लाइनवर शेजारच्या टेबलाच्या, चाकणजवळच्या गावच्या. हातात डबा, डब्यात वरणफळं. दार उघडंच होतं. त्यांनी चपला काढल्या, आत बघितलं आणि उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या.

"जयमाले, काय काम काढलंस गं? घरात कंपनीतलं प्रेस मशीन बसवतीस का काय?"

बाई पलंगावर बसून होत्या. खुर्चीची, भाडेकरूची सगळी हकिगत त्या सांगायला लागल्या, पण सांगता सांगता त्यांचं लक्ष शालनबाईंच्या पायांकडं गेलं. शालनबाईंनी डबा एका हातात धरला, दुसऱ्या हातानं निऱ्या उचलल्या आणि भिंतीला पाठ घासत, आडव्या आडव्या, खेकड्यासारख्या त्या पलंगापाशी आल्या. एका पट्टीला त्यांचा अंगठासुद्धा लागला नाही.

"शालन, परत दारापर्यंत जा बरं."

"का? आत्ता तर आले."

"जा म्हणते ना."

शालनबाई कुरकुरत गेल्या आणि आल्या. पुन्हा भिंतीकडूनच.

"पट्ट्यांवरून का येईनास?"

शालनबाईंनी खाली बघितलं, वर बघितलं. प्रश्नच खुळा होता. "पिवळी-काळी हाय की. तिच्यात पाय घालत्यात व्हय?"

बाई हसायला लागल्या. पार्किन्सननं चेहरा घट्ट झाल्यापासून त्यांचं हसू बाहेर कमी दिसायचं, पण खांदे हलत राहिले. कंपनीत पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ती. पिवळी-काळी पट्टी म्हणजे पलीकडं चालतं यंत्र आहे, नाहीतर माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं वळण आहे. तिच्या आत पाऊल पडलं की लाइन सुपरवायझर साहेबराव शिट्टी मारायचे, लाइन थांबायची आणि अख्खी शिफ्ट मान वळवून त्या पावलाकडं बघायची. ज्या बाईवर एकदा शिट्टी वाजली, ती पुन्हा कधी पट्टीजवळ फिरकत नसे. सत्तावीस वर्षं पायांनी हा नियम पाळला होता. केंद्रातल्या पट्ट्या पांढऱ्या होत्या, त्यांचं आणि पायांचं काही वैर नव्हतं. घरी मात्र लेकानं, आई चालावी म्हणून, तेवीस ठिकाणी "आत येऊ नका" असं लिहून ठेवलं होतं.

हसू ओसरलं तसा बाईंना राग चढला. जिच्यावर पट्ट्या चालत नाहीत अशी बाई, म्हणून त्यांची मोजणी झाली होती आणि त्या मोजणीवर त्यांचं घर भाड्यानं चाललं होतं. त्यांनी शालनबाईंना स्वयंपाकघरातून उलथनं आणायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून तेवीसच्या तेवीस पट्ट्या खरवडून काढल्या. शालनबाई खाली बसून खरवडायच्या, हाताशी येतील त्यांचं सुटलेलं टोक बाई पलंगाच्या कडेवर बसून ओढायच्या. कुलदीपनं टेप खरंच चिवट आणली होती.

पट्ट्या गेल्या. बाई उठल्या, मोकळ्या फरशीवरून निघाल्या आणि मधल्या दारात पुन्हा खिळल्या.

 शालनबाईंनी त्यांना नुसतं कोपराला धरून ठेवलं. वाईट काढून टाकलं म्हणून चांगलं आपोआप येत नाही, हे बाईंना त्या दारात उभ्या उभ्या कळलं. पण पांढऱ्या पट्ट्यांवर त्या चालल्या होत्या, हेही खोटं नव्हतं. पायांना नको असलेली वाट होती, तशी हवी असलेलीही कुठंतरी असणार.

"आपली हिरवी वाट गं," शालनबाई म्हणाल्या.

कंपनीत माणसांनी चालायची वाट हिरवी रंगवलेली असे, दोन्ही कडांना पांढरी रेघ. तिच्यावर कुणी अडवत नसे, तिच्यावर फोर्कलिफ्टसुद्धा माणसासाठी थांबे. आणि ती वाट जिथं दुसरी वाट कापायची, तिथं दोन पांढरी पावलं काढलेली असत. त्या पावलांवर उभं राहायचं, उजवीकडं बोट दाखवायचं, डावीकडं दाखवायचं, समोर दाखवायचं आणि दरवेळी वाट मोकळी असल्याचं मोठ्यानं म्हणायचं. नवीन मुली लाजायच्या. जुन्या बायका बोट दाखवल्याशिवाय कँटीनलाही जात नसत.

बाईंनी दारात उभ्या उभ्याच उजवा हात वर केला. बोट थरथरत होतं.

"उजवी मोकळी," त्या म्हणाल्या. "डावी मोकळी. पुढं मोकळं."

"पुढं" म्हणताना बोट ओट्याकडं गेलं, नजर बोटामागून गेली आणि पाऊल नजरेमागून. दार मागं पडलं.

"साहेबराव असते तर तुला बक्षीस दिलं असतं," शालनबाई म्हणाल्या. "आवाज मात्र लहान हाय. लाइनीवर तुझा आवाज गेटापर्यंत जायचा."

गुरुवारी बाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून हिरव्या ऑइलपेंटचा एक डबा आणि पांढऱ्याची एक डबी मागवली. शालनबाई सकाळीच हजर झाल्या. रंग फरशीवर धरेल की नाही, किती दिवस टिकेल, याची दोघींना खात्री नव्हती, पण विचारायलाही त्या कुणाकडं गेल्या नाहीत. पलंगापासून मधल्या दारातून ओट्यापर्यंत, बाथरूमपर्यंत आणि बाहेरच्या दारापर्यंत हातभर रुंदीची हिरवी वाट झाली. कडेच्या पांढऱ्या रेघा शालनबाईंनी मारल्या, त्या सरळ आल्या. मधल्या दारासमोरची दोन पावलं बाईंनी स्टुलावर बसून, लांब दांड्याच्या ब्रशनं स्वतः काढली. हातातल्या थरथरीनं त्यांना झालर आल्यासारखी कड आली. रंग वाळेपर्यंत बाई वास सोसत पलंगावरच बसून राहिल्या.

शुक्रवारी कुलदीप रात्रपाळी करून थेट आला. सामान भरायला चार रिकामी खोकी घेऊन. दारातच त्याची पावलं थांबली.

"आई, हे काय केलंस? एक तारखेला माणूस राहायला येणार आहे."

"त्याला हिरवी फरशी आवडत नसेल तर त्यानं दुसरं घर बघावं."

तो चिडला. फरशी आता पुन्हा निघणार नाही, शालनमावशींना तरी समजायला हवं होतं, घर म्हणजे काय कंपनीचा शॉप फ्लोअर आहे का, असं बरंच बोलला. बाईंनी त्याला बोलू दिलं. मग पट्ट्यांची गोष्ट सांगितली, शालनबाईंच्या खेकडाचालीसकट. ती ऐकता ऐकता कुलदीपला स्वतःचं आठवलं. रविवारी पट्ट्या चिकटवून झाल्यावर तो स्वतःही भिंतीकडूनच बाहेर पडला होता. गोंद अजून पक्का धरला नसेल म्हणून, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

तो खोक्यावर बसला. खोकं त्याच्या वजनानं थोडं दबलं.

"मशीनखाली असतो तेव्हा फोन वाजला ना, तर हातातला पाना पडतो माझ्या," तो म्हणाला. "दरवेळी वाटतं, तूच पडलीस."

 बाईंनी त्याला चहा टाकायला सांगितला नाही, स्वतः उठल्या. मधल्या दारासमोरच्या वेड्यावाकड्या पावलांवर उभ्या राहिल्या, बोट दाखवलं, मोठ्यानं म्हणाल्या आणि आत गेल्या. चहाचं पातेलं ठेवल्याचा आवाज आला.

"परत मोजायला लावू," त्या आतून म्हणाल्या. "तुझ्या डोळ्यांसमोर. कुठंही पाच सेकंदांच्या वर अडले, तर खोकी मी भरीन. नाही अडले, तर तू खुर्ची परत करायची आणि त्या माणसाला नाही म्हणून सांगायचं."

कुलदीपनं हिरव्या वाटेकडं बघितलं. मग मान डोलवली. मोजलेलं खोटं म्हणायची त्याला कंपनीतही सवय नव्हती.

उत्कर्षाला फोन बाईंनीच लावला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये दोनदा टेपचा रंग विचारला. दुपारी तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज अवघडलेला होता. अभ्यासात एका माणसाची घरची मोजणी एकदाच होते, सर म्हणाले होते. दुसरी केली तर ती अभ्यासात धरता येणार नाही.

"नका धरू," बाई म्हणाल्या. "मोजा तरी."

सरांनी टोपी न्यायला परवानगी दिली. उत्कर्षा रविवारी, सुट्टीच्या दिवशी आली. सोमवारी होती तीच वेळ तिनं धरली, सकाळची गोळी घेतल्यावर तासाभरानं, म्हणजे गोळीचा फायदा कमी-जास्त होऊ नये. पायांना यंत्रं बांधली, टोपी चढवली, भुवईवरच्या व्रणाला दिवा टोचत नाही ना ते बघितलं. वाट ठरली: पलंग, मधलं दार, ओटा, तिथं वळण, परत मधलं दार, मग बाहेरचं दार. शालनबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. कुलदीप दोन्ही हात पसरून आईच्या मागं उभा राहिला.

"हात खाली कर," बाई म्हणाल्या. "गोलकीपर आहेस का?"

त्यानं हात पाठीमागं बांधले. उत्कर्षानं घाई करू नका म्हणून सांगितलं आणि ती पडद्याकडं वळली.

बाई निघाल्या. पहिली दोन पावलं घसटत पडली, मग नजर हिरव्या रंगावर बसली आणि पावलं मोठी झाली. मधल्या दाराशी त्या पांढऱ्या पावलांवर थांबल्या. बोट उजवीकडं, डावीकडं, समोर. आवाज या वेळी खाली रस्त्यावर भाजीवाल्यापर्यंत गेला असावा, कारण त्याची हाळी मध्येच थांबली. ओट्यापाशी वळताना त्या कडेच्या पांढऱ्या रेघेमागून मोठा वळसा घेऊन फिरल्या. परत दार, परत बोट. बाहेरच्या दाराच्या कडीला हात लावून त्या उभ्या राहिल्या. कपाळावर टोपीखाली घाम होता.

उत्कर्षा पडद्यावरच्या रेषा पुढं-मागं सरकवत राहिली. कपाळामागच्या भागात प्राणवायू सोमवारपेक्षा जास्त भरला होता, ती म्हणाली, म्हणजे त्या भागानं आज जास्त काम केलं.

"म्हणजे ताण पडतोय ना तिच्यावर," कुलदीप म्हणाला.

काम जास्त झालं एवढं दिसतं, उत्कर्षा म्हणाली. ते चांगलं की वाईट, हे एका मोजणीवरून तिला सांगता येणार नव्हतं आणि तिनं सांगितलंही नाही. सवयीनं ते कमी होईल का, तेही माहीत नव्हतं.

"कपाळामागचा साहेब ओव्हरटाइम करतोय तर करू दे त्याला," बाई म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं मी केला. तेव्हा कुणी विचारलं नाही ताण पडतो का म्हणून. आता माझ्या घरात राहायला मला जेवढा लागेल तेवढा मी करून घेणार."

शालनबाईंनी ओट्याकडं तोंड फिरवलं आणि उगाच एक पेला विसळला.

"दार किती वेळ?" कुलदीपनं विचारलं.

उत्कर्षानं आधी सोमवारचा आकडा काढला, मग आजचा, आणि दोन्ही त्याला दिसतील असा पडदा फिरवला.

मधलं दार. सोमवारी: एक्केचाळीस सेकंद, दोन्ही पायांत थरथर. रविवारी, बोट दाखवून झाल्यापासून, जाताना: दोन पूर्णांक एक सेकंद, थरथर नाही. येताना: दोन पूर्णांक चार सेकंद, थरथर नाही. इतर कुठंही थांबा नाही.